आठ महिने वजनं उचलली: एचबीएवनसी ६.२ वरून ५.८

उपाशीपोटीची साखर ११४, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.२. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "प्रीडायबेटिस आहे, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. गोळी आत्ता नको, पण स्नायू वाढवा." मला रडूच आलं. तीन वर्षं रोज पाऊण तास चालत होते मी!

त्यांनी समजावलं ते असं: जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. स्नायूंना काम दिलं की पेशींमधले ग्लूट-४ नावाचे वाहक पेशीच्या कडेला येतात आणि इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढून घेतात. चालण्यानेही हे होतं, पण स्नायू टिकवायचे, वाढवायचे तर त्यांच्यावर भार हवा.

आठवड्यातून तीन दिवस ठरवले, मध्ये एकेक दिवस सुट्टी. स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग, भिंतीला टेकून पुशअप. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून आल्या की जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता.

पहिले दोन महिने मात्र वायाच गेले म्हणायचे. दोन किलोचे डंबेल घेऊन वीस-वीस रेप्स (आवर्तनं) मारत होते, घामही येत नव्हता. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.१. मग कळलं, सेटमधले, म्हणजे एका दमात करायच्या आवर्तनांमधले, शेवटचे दोन रेप्स जड गेले पाहिजेत. तेव्हापासून हळूहळू पाच किलो, मग आठ.

घाई मात्र नको. एका ट्रेनरने फॉर्म (उचलण्याची पद्धत) न बघताच एकदम वजन वाढवलं, कंबर धरली, दहा दिवस घरी. त्या दहा दिवसांत जेवणानंतर दोन तासांनी १३५च्या आसपास येणारी साखर पुन्हा १६०कडे गेली. व्यायामाचा हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, हे तेव्हा नीट पटलं. आता सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करत नाही.

एकदा घाबरलेही होते. व्यायामाआधी ११८, संपल्यावर लगेच १४१! ग्लुकोमीटर बिघडला असं वाटलं. पण जोर लावताना अॅड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं, त्यामुळे असं होऊ शकतं. तासाभराने १०९ आली. तेव्हा लगेच मोजून खचू नका. आणि श्वास रोखून वजन उचलू नका, रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाबाचा किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच.

आज एचबीएवनसी ५.८. वजन फक्त दीड किलो उतरलंय, कंबर मात्र पाच सेंटीमीटर कमी. काट्याकडे बघत बसले असते तर चौथ्या महिन्यातच सोडून दिलं असतं. उपाशीपोटीची साखर हट्टी निघाली, १०६च्या खाली यायला तयार नाही. सकाळचं चालणं चालूच आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, तोवर दहा किलोचे डंबेल पेलायचे आहेत.