ई-बर्ड आणि लांब झूमचा कॅमेरा: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून दोन गोष्टी नेमाने वापरतेय. एक ई-बर्ड हे ॲप, जे फुकट आहे. दुसरी लांब झूमचा ब्रिज कॅमेरा (लेन्स बदलता न येणारा), जो अजिबात फुकट नव्हता. कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या बऱ्याचशा तक्रारी या प्रकारच्या सगळ्याच कॅमेऱ्यांना लागू आहेत, आणि नाव लिहिलं की चर्चा फक्त नावावरच होते.

मी नाशिकची. सुट्टी मिळाली की नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, नाही मिळाली तर गंगापूर धरणाच्या फुगवट्याचा काठ, आणि तेही नाही जमलं तर घरामागचा नाला. पक्षीशास्त्राचं शिक्षण नाही, दुर्बीण मात्र बरीच जुनी आहे. हे सांगते कारण ज्यांना दोन वर्षांत पाचशे जातींचा आकडा गाठायचाय त्यांना यातलं बरंच निरुपयोगी वाटेल.

आधी ॲपबद्दल. ई-बर्ड 2002 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने ऑड्युबॉन सोसायटीबरोबर सुरू केलं. भारतातलं काम 'बर्ड काउंट इंडिया' हा गट पाहतो. वापरायला सोपं आहे. निघताना यादी सुरू करायची, फोन वेळ आणि चाललेलं अंतर मोजत राहतो, आपण दिसेल त्या पक्ष्यापुढे आकडा टाकायचा. त्या भागाची यादी आधी उतरवून ठेवली की रेंज नसली तरी अडत नाही. शेवटी ॲप एक प्रश्न विचारतं: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही यात नोंदवलेत का?

माझ्या मते सगळं ॲप या एका प्रश्नावर उभं आहे. 'हो' म्हटलं की यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो, कारण तो त्या वेळात, त्या जागी मिळाला नाही असं धरता येतं. पण 'हो' प्रामाणिकपणे म्हणायचं तर साळुंकी, कावळा, टिटवी, पारवा सगळं लिहावं लागतं. पहिले काही आठवडे याचा कंटाळा येतो. आपण रोहित बघायला आलेलो आणि ॲप विचारतंय कावळे किती! नांदूरला चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर एका गाईडदादांनी मला सरळ सांगितलं, "ताई, आधी वारकरी मोजा. वारकरी मोजता आले की बाकीचं पाणी आपोआप बघून होतं." ते खरंच आहे. वारकरी म्हणजे कूट, काळा पाणपक्षी. त्यांचा थवा मोजायचा म्हणजे दहा मोजायचे, दहांचा तुकडा नजरेत पकडायचा आणि तो थव्यावर सरकवत न्यायचा. असं सावकाश नजर फिरवताना मधेच एखादा थापट्या किंवा तरंग बदक, काठाच्या गवतात हललेलं काहीतरी हाती लागतं. लाजरे पक्षी मला बहुतेक वेळा असेच, दुसरं काहीतरी मोजताना मिळालेत.

आकडा माहीत नसेल तर नुसतं 'एक्स' टाकायची सोय आहे. मी ती वापरत नाही. अंदाजे चाळीस हे 'एक्स'पेक्षा कितीतरी उपयोगाचं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक हॉटस्पॉटचे, म्हणजे पक्षी पाहण्याच्या ठरलेल्या जागेचे, आठवड्यानुसार पट्टे. पट्टा जितका जाड, तितक्या जास्त याद्यांत तो पक्षी. नांदूरला तलवार बदकं कधी येतात, कधी ओसरतात, हे पाहून रविवार ठरवता येतो. मात्र हे पट्टे डोळे झाकून वाचू नयेत. फटाकडीचा पट्टा बारीक दिसला तर ती कमी आहे असंही असेल, किंवा ती वेताएवढा पक्षी असून पाणकणसात घुसून बसते आणि लोक रोहितांकडे बघत असतात असंही असेल. पावसाळ्याचंही तसंच आहे. बदकं नसताना जाणारे कमी, म्हणून याद्या कमी. भर जुलैत तिथे काय असतं हे कळायला आपल्यालाच चिखल तुडवावा लागतो.

आता ज्यावरून नवखे लोक चिडतात तो भाग. त्या भागात, त्या ऋतूत अनपेक्षित असलेला पक्षी किंवा मोठा आकडा टाकला की ॲप खूण करतं आणि तपशील मागतं. मग प्रदेशाचे स्वयंसेवक तपासनीस ती नोंद बघतात, कधी विचारणा करतात. पटेपर्यंत ती नोंद आपल्या यादीत राहते, पण सार्वजनिक नकाशावर येत नाही. "मी डोळ्यांनी पाहिलंय ना, मग?" असं ग्रुपवर हमखास कोणीतरी लिहितं.

त्यांच्यासाठी रानपिंगळ्याची गोष्ट. ती आपल्याच खानदेशातली आहे. 1873 साली ब्रिटिश पक्षीअभ्यासक ह्यूमने वर्णन केलेलं हे छोटं घुबड 1884 नंतर कोणाला खात्रीने दिसलंच नाही. मधल्या काळातली एकच नोंद संग्रहालयात होती. रिचर्ड माइनरट्झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा नमुना (जपून ठेवलेला मृत पक्षी), चिठ्ठीवर 1914 आणि गुजरातेतलं मांडवी. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कळलं की तो 1880च्या दशकात जेम्स डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, थोडाफार नव्याने बांधून, खोटी चिठ्ठी लावलेला. या एका चिठ्ठीने शोधणाऱ्यांना चुकीच्या दिशेला पाठवलं. खोटी नोंद बाजूला काढून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे गेल्यावर नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत बसलेला दिसला, तोही दिवसाउजेडी. एकशे तेरा वर्षांनी. पुढे मेळघाटात त्याचा वावर नीट समजला आणि 2014 मध्ये तो ठाण्याकडच्या तानसा अभयारण्यातही सापडला.

त्यामुळे तपासनिसांचा मेल आला की मला राग येत नाही. फोटो असेल तर जोडायचा, नसेल तर काय दिसलं ते लिहायचं. "खात्री आहे" हे वर्णन नव्हे. रानपिंगळा आणि आपला नेहमीचा पिंगळा यांत गफलत होऊ शकते. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास साधं, अंग दणकट, शेपटी-पंखांवर ठळक पट्टे. एवढं लिहिलं तरी तपासणाऱ्याचं काम होतं.

या सगळ्या याद्यांचं होतं काय, हाही प्रश्न येतो. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा 2023चा अहवाल सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या ई-बर्डवरच्या नोंदींतून तयार झाला. 942 जातींचा आढावा घेतला गेला आणि त्यातल्या 178 जातींना सर्वाधिक काळजीच्या गटात टाकलं. दसऱ्याला ज्याच्या दर्शनासाठी लोक धडपडतात तो नीळकंठ, म्हणजे चाष, इतका घटलाय की त्याच्या जागतिक धोक्याचा दर्जा पुन्हा तपासावा अशी शिफारस तिथे आहे. पंचवीस वर्षांपूर्वी नीळकंठ तारेवर दिसला तर कोणी वहीत लिहायचं का? मी नाही. मोर मात्र वाढलेत, हे शेतकऱ्यांना अहवालाशिवायही माहीत आहे.

मर्लिनबद्दल थोडक्यात. ते याच प्रयोगशाळेचं ओळख-ॲप. आवाजावरून ओळखण्याची सोय 2021 मध्ये आली. मी ते सुचवणारा सोबती म्हणून वापरते. मर्लिन नाव सांगतं, मग त्या झाडाकडे दुर्बीण लावते, दिसला किंवा मला स्वतःला आवाज ओळखता आला तरच यादीत. हरेवा आणि भृंगराज इतरांच्या नकला करतात हे माणसालाही गंडवतं, तिथे फोनकडून काय अपेक्षा करायची!

आता कॅमेरा. दोन हजार मिमीच्या बरोबरीचा झूम असं जाहिरातीत असतं, आणि ते खोटं नाही. पण सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान. लख्ख सकाळी आठ ते दहा या वेळात उघड्यावर बसलेला वेडा राघू असा येतो की दाखवावासा वाटतो. तोच कॅमेरा पहाटे सहाला पाणकणसाच्या सावलीत लावला की चित्र दाणेदार आणि पिसांची लापशी. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, 800च्या वर मी नेत नाही. शटरचा वेग सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत खाली आणते, आणि हात न वापरता गाडीच्या काचेवर किंवा बांधावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवते. लपून राहणारे पक्षी तसेही थांबून थांबून चालतात. थांबले की त्या क्षणी चार-पाच फोटोंची मालिका, त्यातला एक निघतो.

फोकस हा खरा शत्रू. पक्षी गवताच्या मागे आणि कॅमेऱ्याला गवताचीच काडी आवडलेली. मधला सर्वांत लहान फोकस-चौकोन निवडून ठेवा, आणि पक्ष्यावर नेम धरण्यापेक्षा तो पुढे जिथून बाहेर पडेल त्या फटीवर आधीच फोकस लावून बसा. मला याचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याही महागड्या सेटिंगचा नाही.

उन्हाची झळ ही आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाहीत. साडेदहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते. दोनशे मीटरवरच्या पक्ष्याचा त्या वेळचा फोटो जगातल्या कुठल्याही भिंगाने धड येत नाही. तेव्हा कॅमेरा बॅगेत, आणि धाब्यावर मिसळ.

पावसाळ्यात कॅमेरा बंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवते, कारण बुरशी लागली की दुरुस्तीत अर्धा कॅमेरा येतो. बॅटरी झूमच्या हालचालीत पटापट उतरते, दुसरी लागतेच. उडणाऱ्या पक्ष्यांसाठी हा कॅमेरा घेऊ नका. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र किंचित मागे राहतं, तेवढ्यात शिक्रा पुढच्या गावात.

पण फोटो कशासाठी हवा हे ठरलं की हाच कॅमेरा पुरेसा ठरतो. मला नोंदीला आधार हवा असतो. फटाकडी असेल तर पायांचा रंग, पाठीवर ठिपके आहेत की साधी, कुशीवर पट्टे आहेत की नाहीत. लाल पाय, साधी पाठ आणि तांबूस छाती एक जात सांगतात. हिरवट पाय, पाठीवर पांढरे फराटे आणि कुशीवरचे पट्टे दुसरी. धूसर फोटोतही हे कळतं. असे फोटो यादीला जोडले की ते कॉर्नेलच्याच मॅकॉले या फोटो-आवाजांच्या संग्रहात जातात, आणि लोक त्यांना तारे देतात. माझ्या बहुतेकांना दोन. चालतंय.

सर्वांत जास्त वाद जागा सांगण्यावरून होतात. ग्रुपवर फोटो टाकला की पाच मिनिटांत "ताई, लोकेशन?" ठरलेलं. नांदूरच्या मनोऱ्यासमोरच्या बदकांचं लोकेशन मी बिनधास्त देते, ते सगळ्यांना माहीतच आहे. घरट्याचं कोणालाही नाही. कोकणात पावसाळ्यात तिबोटी खंड्या ओढ्याच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. बिळासमोर दहा लोक ट्रायपॉड लावून बसले की चोचीत पाल-सरडा धरून आलेला पक्षी फांदीवरच अडकतो, आणि आत पिल्लं उपाशी. रेकॉर्ड केलेली साद वाजवून घुबडांना समोर आणणं हाही तसलाच प्रकार. पक्षी 'पोज' देत नसतो, आपल्या हद्दीत घुसखोर आलाय म्हणून तणतणत आलेला असतो.

ॲपने यात थोडी काळजी घेतलीय. पकडले किंवा मारले जाण्याचा धोका असलेल्या ठराविक जातींची नेमकी जागा नकाशावर दिसत नाही, साधारण वीस बाय वीस किलोमीटरचा चौकोन दिसतो. बाकी जातींसाठी आपल्यालाच डोकं वापरावं लागतं. आपली एखादी यादी लोकांपासून लपवून ठेवता येते. घरटं असेल तर मी तसं करते आणि पिल्लं उडून गेल्यावर उघडते. काहीजण त्याऐवजी जागा मुद्दाम दूरची टाकतात. ते मला पटत नाही. मांडवीच्या त्या चिठ्ठीनेही जागाच चुकीची सांगितली होती. उशिरा सांगा, पण सांगाल ते खरं सांगा.

घ्यावं का? ॲप आजच घ्या, आणि पंधरा मिनिटांची पहिली यादी गच्चीवरूनच करा. कॅमेऱ्यासाठी घाई नको. चांगली 8×42 (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण नसेल तर आधी ती. दुर्बीण असेल, बजेट पन्नास-साठ हजारांचं असेल आणि पाठीवर चार किलोची लेन्स वाहायची हौस नसेल, तर ब्रिज कॅमेरा ठीक.

फेब्रुवारीतल्या एका यादीवर अजून खूण आहे. हिरवट पायांची फटाकडी, तीन धूसर फोटो. तपासनिसांनी कुशीवरचे पट्टे दिसणारा मूळ, न कापलेला फोटो मागितलाय, तो काल पाठवला. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.