थायलंडमधली किलोवरची लाँड्री: धुणं चोख, मोजणी आपली आपण करायची

चिआंग माईच्या जुन्या शहरात किंवा बँकॉकच्या खाओसान भागात गल्लीबोळांतून हिंडताना घराच्या ओट्यावर वजनकाटा, आत दोन-तीन वॉशिंग मशीन आणि बाहेर हँगरांनी भरलेली दोरी दिसली, की ती किलोवरची लाँड्री समजायची. दर साधारण 40 ते 60 बाट किलो. सकाळी दहाच्या आत कपडे दिले तर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मिळतात. हॉटेलच्या लाँड्रीत नगावर पैसे लागतात. तिथे दोन-तीन टीशर्टांना जेवढे जातात, तेवढ्यात इथे तीन किलोंचं गाठोडं धुऊन निघतं. सात किलोंची केबिन बॅग घेऊन महिनाभर फिरणाऱ्याला याहून सोयीचं दुसरं काही नाही. पाच दिवसांचे कपडे न्यायचे आणि दर चौथ्या दिवशी धुवायला टाकायचे.

वजन कपडे देतानाच होतं. त्यामुळे समुद्रावरून आणलेला ओला टॉवेल तसाच दिला तर पाण्याचेही पैसे भरावे लागतात. टॉवेल आणि पोहण्याचे कपडे आधी वाळवून, वाळू झटकून द्यावेत. बऱ्याच ठिकाणी किमान एक किंवा दोन किलोंचे पैसे घेतात, म्हणून दोनच कपडे घेऊन जाण्यात अर्थ नाही. जीन्स शक्यतो नेऊच नये. एकटीच पाऊण किलोच्या आसपास भरते आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही.

धुण्याबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. घोळ होतो तो कपडे ओळखण्यात. आपल्याकडे धोबी कपड्यावर शाईने खूण करतो. इथे काही दुकानांत क्रमांकाची कापडी पट्टी सुरक्षापिनेने लावतात, काही ठिकाणी रंगीत दोरा बांधतात, तर छोट्या दुकानांत नुसती टोपली वेगळी ठेवतात. गर्दीच्या दिवसांत दोन गिऱ्हाइकांचे कपडे एकाच मशीनमध्ये गेले, की काळे मोजे आणि राखाडी बनियन यांची अदलाबदल ठरलेली.

म्हणून कपडे देण्याआधी सगळे पलंगावर पसरून एक फोटो काढावा आणि मोबाइलमध्ये प्रकारवार आकडा लिहावा: टीशर्ट 4, चड्ड्या 5, शॉर्ट 2, मोजे 3 जोड. मोजे आणि रुमाल चेन असलेल्या जाळीच्या पिशवीत घालावेत. पिशवी तशीच धुतली जाते आणि यादीत तो एकच नग होतो. कॉलरच्या आतल्या लेबलवर धुतल्यावर न जाणाऱ्या मार्करने एखादं देवनागरी अक्षर काढावं. ‘ळ’ काढलेला टीशर्ट त्या दुकानात दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यता जवळजवळ नाही. काळ्या कपड्यावर शाई दिसत नाही, तिथे शिवणीच्या आतल्या बाजूने पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके घालावेत. पावतीसोबत दुकानाच्या दर्शनी भागाचाही फोटो हवा, कारण पाटी अनेकदा फक्त थाईत असते आणि सोई, म्हणजे गल्ल्या, एकसारख्या दिसतात. कपडे परत घेताना पिशवी तिथेच उघडून मोजावी. हरवलेला कपडा त्याच वेळी मागितला तर शेजारच्या पिशवीत सापडतो. तीन दिवसांनी विचारलं तर तो कुणाच्या तरी बॅगेतून दुसऱ्या शहरात पोचलेला असतो.

पाटीवर थाईत बहुधा तीन शब्द असतात: साक, ओप, रीत. साक म्हणजे धुणं, ओप म्हणजे मशीनमध्ये गरम हवेने वाळवणं, रीत म्हणजे इस्त्री. हे नीट लक्षात ठेवावेत, कारण कपड्यांचं खरं नुकसान ‘ओप’मध्ये होतं. गरम हवेने लायक्रा सैल पडतं, चड्डीचं इलॅस्टिक लवकर जातं, लोकर आटते. असे कपडे वेगळे देऊन ‘माइ ओप’, म्हणजे मशीनमध्ये वाळवू नका, असं सांगावं. इस्त्रीचे पैसे सहसा वेगळे आणि नगावर असतात. अंतर्वस्त्रं काही दुकानं घेत नाहीत किंवा वेगळी मागतात. तिथला तो रिवाज आहे, वाद घालू नये.

भारतातून नेलेले इंडिगो किंवा बांधणीचे कपडे या लाँड्रीत अजिबात टाकू नयेत. शंका असेल तर पांढरा रुमाल ओला करून शिवणीवर दहा-बारा वेळा घासावा. रुमालावर रंग आला तर तो कपडा खोलीतच धुवावा. पिळून झाला की कोरड्या टॉवेलवर पसरून, दोन्हींची घट्ट गुंडाळी करून वरून गुडघ्याने दाबायचा. बरंचसं पाणी टॉवेल ओढून घेतो. मग बाथरूममध्ये नाही, एसी चालू असलेल्या खोलीत टांगायचा. बाथरूमची दमट हवा कपड्यातलं पाणी सुटू देत नाही, एसी मात्र हवेतला ओलावा खेचतो.

सरमिसळ अजिबात नको असेल, तर चोवीस तास उघडी असणारी नाण्यांवरची मशीन जास्त भरवशाची. लहान मशीनला गार पाण्यात धुवायला साधारण 40 ते 60 बाट, वाळवायला जवळपास तेवढेच. 10 बाटची नाणी जवळ ठेवावीत. कपडे टाकण्याआधी ड्रममध्ये हात फिरवून पाहावं: आधीच्या माणसाचा राहिलेला टिश्यू पेपर काळ्या कपड्यांना चिकटला की सुटता सुटत नाही. पावडर हात राखून घालावी, फेस जास्त झाला की साबण खळबळून निघत नाही आणि घामाच्या जागी कपडा कडक होतो. ड्रायर अर्धाच भरावा, नाहीतर मधले कपडे ओलेच राहतात आणि पैसे पुन्हा घालावे लागतात.

विमानाच्या आदल्या रात्री दुकानात कपडे टाकू नयेत, मध्ये एक पूर्ण दिवस राखावा. सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या दिवसांत, 13 ते 15 एप्रिलला, बरीच छोटी दुकानं बंद असतात. तेव्हा 12 तारखेच्या आत धुणं हातात आलेलं बरं.