अठरा वर्षांची म्हणून घेतलेली बाटली

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडे. पलीकडच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. पिशवीतून, डिक्कीतून येणाऱ्या मालाचं आमच्या भागात कोणाला नवल वाटत नाही. मी फसलो तो याच सवयीमुळे.

मी कास्तकार. सिंगल माल्ट व्हिस्कीची ओळख मुलानं करून दिली. तो बंगळुरूला असतो, एका दिवाळीला तिथल्याच अमृत कंपनीची बाटली घेऊन आला. मोड आणलेल्या बार्लीची, एकाच डिस्टिलरीत काढलेली, ओकच्या पिंपात मुरवलेली ती सिंगल माल्ट, हे त्यानं समजावलं. आधी नुसता वास घ्यायचा, मग चमचाभर पाणी घालून पुन्हा घ्यायचा. पाणी पडल्यावर जो वास मोकळा झाला, त्यानं मला अंगणात वाळत घातलेली मोहफुलं आठवली. त्या दिवसापासून गोडी लागली. वर्षातून दोन-तीनदाच, पण जीव लावून.

जानेवारीत कापसाचे पैसे हाती आले. दादा महिनाअखेरीस शाळेतून निवृत्त होणार होते. त्यांच्यासाठी अठरा वर्षं पिंपात मुरलेली स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की घ्यावी असं फार मनात होतं. दुकानात विचारलं तर किंमत पाच आकडी. जिनिंगवर हे बोललो, तिथं एकानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो घरी हजर. "भाऊ, भाचा जहाजावर हाय. एअरपोर्टचा माल हाय, ड्यूटी फ्री. मयन्याला दहा-बारा बाटल्या येतात." साडेपाच हजाराला एक. मी दोन घेतल्या. बिल मागायचं सुचलंच नाही.

तेव्हाच हिशेब करायला हवा होता. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला ड्यूटी भरल्याशिवाय दोनच लिटर आणता येते. महिन्याला दहा-बारा बाटल्या कुठून येतील?

दादांसमोर पहिली बाटली फोडायला घेतली. झाकणावरचा पत्रा नखानं सोलला, तर आतून वाळलेल्या गोंदाची पापडी निघाली. कॉर्कचा तळ काळपट, फुगलेला. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर एकीत माल गळ्यापर्यंत, दुसरीत बोटभर खाली. मग खोका उलटा केला. मागे भारतातल्या आयातदाराचं नाव, एमआरपी, ७५० मिली. राज्याचं नाव होतं तिथं खरवडलेलं. ड्यूटी फ्रीच्या बाटलीवर भारतातली एमआरपी कशाला असेल? कुठल्या तरी हॉटेलातली रिकामी बाटली होती ती, पुन्हा भरलेली.

घरातली अमृत काढून दोन पेले शेजारी ठेवले. अठरा वर्षांच्या पेल्यातून केकच्या इसेन्सचा वास, त्यामागे नाकात घुसणारं स्पिरिट. पाणी घातलं तर वास खुलायच्या ऐवजी मेलाच. तळहातावर थेंब चोळला, तर अमृतचा थेंब उडून धान्याचा वास राहिला आणि या बाटलीचा थेंब बोटांना चिकटला. पाकात बुडवल्यासारखा. साखर मिसळलेली होती.

दादांनी एक घोट घेतलेला होता. ती रात्र मी त्यांच्या खाटेशी बसून काढली. बनावट दारूत मिथेनॉल हे विषारी स्पिरिट असू शकतं, ते चवीनं कळत नाही, वासानंही नाही. बनावट माल प्यायल्यावर ओकारी सुरू झाली, डोळ्यांना अंधुक दिसू लागलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. दादांना काही झालं नाही, पण ते आठवलं की अजून छातीत धस्स होतं.

आणखी एक थाप या भागात चालते, "स्कॉटलंडचा माल, इथं भरलेला." ब्लेंडेड, म्हणजे वेगवेगळ्या डिस्टिलरींची मिसळलेली स्कॉच पिंपानं येऊन भारतात भरली जाते, ते खरं आहे. पण सिंगल माल्ट स्कॉच २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच भरावी लागते, तसा तिथला कायदाच आहे. बाटलीवर सिंगल माल्ट स्कॉच लिहिलेलं आणि भरली इथं, असं कोणी म्हटलं की तिथूनच परत फिरा.

आणि वयाच्या आकड्याला भुलू नका. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण दोन टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते, बंगळुरूकडे दहा-बारा टक्के. आपल्या उन्हात अठरा वर्षं मुरवायला गेलं तर पिंपात उरेल काय? म्हणून आपल्याकडची माल्ट कमी वर्षांची असते, ती काही हलकी नसते. पॉल जॉन घ्या, रामपूर घ्या, पण परवानाधारक दुकानातून आणि बिलासह घ्या.

त्या माणसाचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. गावातले म्हणाले, "जाऊ द्या जी, तुमीच अडकान." बिनपरवान्याची खरेदी हा आपलाही गुन्हा, म्हणून कोणी तोंड उघडत नाही, आणि त्याच भरवशावर हा धंदा चालतो. तरी मी उत्पादन शुल्क विभागात गेलो, खरं ते सांगितलं आणि दुसरी बाटली न उघडता जमा केली.

पहिली मोरीत ओतली. आठवड्यानं भंगारवाला आला. ओट्यावर खोका दिसताच म्हणाला, "बाटली खोक्यासकट द्या, दोनशे देतो." बाकीच्या बाटल्या तो दोन-दोन रुपयांना घेतो. मी त्याच्यासमोरच लेबल पाण्यात भिजवून सोललं, खोका फाडला आणि पोत्यात गुंडाळून बाटली दगडावर आपटली.