सिटीज: स्कायलाइन्समधला पूर: आधी उतार, मग भिंत

शहर उभारायच्या 'सिटीज: स्कायलाइन्स' या गेमचा 'नॅचरल डिझास्टर्स' हा डीएलसी, म्हणजे वेगळा विकत घ्यायचा जादा भाग, नोव्हेंबर 2016चा, पण गेममधल्या पुराबद्दल अजूनही गैरसमज फार. वाशी-नेरुळकडच्या माणसाला पहिलं आश्चर्य हे, की पाऊस कितीही कोसळो, रस्त्यावर पाणी तुंबत नाही. पुराच्या बाबतीत पाऊस नुसता देखावा. पाणी येतं नकाशावरच्या उगमांतून आणि कडेच्या समुद्रातून, भरती-ओहोटीही नाही. म्हणजे बुडायचं ते त्सुनामीने, धरणाने, नाहीतर आपल्याच खोदकामाने.

किनाऱ्याला पूरभिंत ओढली की काम झालं असं वाटतं. मोठी लाट मात्र भिंतीवरून आत येते, आणि समुद्र मागे सरल्यावर तीच भिंत पाणी अडवून धरते. शहराची परात होते. म्हणून वस्ती करण्यापूर्वीच सगळी जमीन एका कोपऱ्याकडे उतरती करा आणि तिथून समुद्रापर्यंत कालवा काढा. त्याचं तोंड लाट येते त्या बाजूला नको. कालव्याचा शहराकडचा तळ समुद्रपातळीच्या वर हवा, नाहीतर त्याच वाटेने समुद्र घरात. सपाटीकरणाच्या साधनात राइट क्लिकने हवी ती उंची उचलता येते. मातीचा साठा मर्यादित असतो, त्यामुळे आधी कालवा खोदा, निघालेली माती भरावाला वापरा.

मातीचा बांध करणार असाल तर रुंदीत कंजुषी नको. जमीन आणि पाणी यांचा हिशोब 16 मीटरच्या चौकटींवर चालतो, रस्त्यांची चौकट 8 मीटरची. अरुंद बांध डोळ्यांना अखंड दिसतो आणि मधेच एखाद्या खाचेतून गळतो. माथ्याला 48 मीटर, म्हणजे रस्त्याच्या सहा चौकटी, सोडा. मग वेग तिप्पट करून पाणी स्थिरावेपर्यंत थांबा. पॉजवर पाणी हलत नाही, तेव्हा बांध टिकला असं समजू नका.

धरणाचं पाणी हळूहळू चढतं, म्हणून फसवतं. माथ्यापेक्षा खालची जमीन बाजूला कुठेही असली तर ते वळसा घालून वस्तीत शिरतं. भरलेलं धरण पाडलं तर खाली लाट जाते, हे वेगळं सांगायला नको.

नवी मुंबईतले धारण तलाव, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ओहोटीला सोडणारे तलाव, इथे हुबेहूब जमत नाहीत. भरतीला आपोआप मिटणारी झडप गेममध्ये नाही. जवळचा पर्याय: सखल कोपऱ्यात तळं, काठावर वॉटर पंपिंग स्टेशन, आणि वेगळ्या पाइपने जोडलेलं फ्रेश वॉटर आउटलेट समुद्राकडे. हा पाइप शहराच्या जाळ्याला लागला तर तळ्यातलं घाण पाणी नळाला येतं आणि लोक आजारी पडतात. वीजही उंचावरून आणा. एक सोय मात्र आहे: गाळ साचत नाही, त्यामुळे तो उपसायला कांदळवनाच्या परवानगीचा घोळही नाही!

पंपिंग सर्व्हिसच्या गाड्या उरलेलं पाणी उपसतात, पण त्यांनाही कोरडा रस्ता लागतो. त्यांचं ठाणं सखल भागात बांधणं हा पैशांचा चुराडा. निवारे ठीक आहेत. बस मार्ग आधी आखून ठेवले तरच माणसं वेळेत पोहोचतात.

कालवे, भराव आणि धरण मूळ गेममध्येच मिळतात. नदीकाठचं शहर नीट सांभाळायचं एवढंच असेल तर हा डीएलसी सेल लागेपर्यंत थांबू शकतो.