टेकसन पीएल-८८० ला बाहेरचा स्पीकर जोडताना : वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. टेकसन पीएल-८८० या शॉर्टवेव्ह रेडिओच्या लाइन-आउटमधून (बाहेरच्या यंत्राला आवाज देणाऱ्या सॉकेटमधून) सिग्नल घ्यायचा, तो साध्या अ‍ॅनालॉग अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा, त्यावर ८ ओहमचा चार इंची एकच फुल-रेंज स्पीकर लावायचा आणि रेडिओ व अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बॅटरीवर चालवायचे. पावसाळा आणि हिवाळा दोन्ही काढल्यावर हीच जोडणी टिकली. कॉम्प्युटरचे मल्टिमीडिया स्पीकर, ब्लूटूथ स्पीकर, मोबाइलच्या चार्जरवर चालणारे छोटे अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड हे सगळे हिच्या मागे राहिले. आवाज बिघडला की लोक स्पीकर बदलतात, पण दोष बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात नाहीतर मधल्या वायरमध्ये असतो.

पीएल-८८० चा आतला स्पीकर हातात धरायच्या रेडिओच्या मानाने उत्तम आहे. तरीही पंखा चालू असलेल्या खोलीत ७ मेगाहर्ट्झवरची हॅम मंडळींची (परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांची) एलएसबीतली (एसएसबी म्हणजे सिंगल साइडबँड पद्धतीच्या खालच्या बाजूची) बोलणी किंवा ११३८७ किलोहर्ट्झवरचे विमानांसाठीचे हवामान वार्तापत्र तासभर ऐकायचे तर व्हॉल्यूम वाढवावा लागतो, आणि वाढवला की छोटा कोन कर्कश होतो. मोठ्या कोनावर तेच बोलणे कमी आवाजात स्पष्ट लागते. कान थकत नाहीत, हा सगळ्यात मोठा फायदा.

कोणते सॉकेट वापरायचे? या रेडिओला हेडफोन आणि लाइन-आउट अशी ३.५ मिमीची दोन वेगळी सॉकेट आहेत. हेडफोनमध्ये पिन घातली की आतला स्पीकर बंद होतो आणि पातळी व्हॉल्यूमच्या चक्रीप्रमाणे बदलते. लाइन-आउटची पातळी ठराविक असते, चक्रीशी तिचा संबंध नाही. आतला स्पीकरही चालूच राहतो, म्हणून तो चक्रीने शून्यावर न्यायचा. अ‍ॅम्प्लिफायरसाठी लाइन-आउटच घ्यावे. हेडफोनमधून घेतले तर दोन ठिकाणी व्हॉल्यूम होतो. रेडिओचा कमी आणि अ‍ॅम्प्लिफायरचा जास्त ठेवला की सुस्कारा वाढतो, उलट केले की बोलणे फाटते. ज्या रेडिओला लाइन-आउट नाही त्यावर हेडफोनचा व्हॉल्यूम साधारण एक तृतीयांशावर कायम ठेवून पुढचे सगळे अ‍ॅम्प्लिफायरवर करावे.

अ‍ॅम्प्लिफायर न लावता हेडफोनच्या सॉकेटला थेट ८ ओहमचा स्पीकर जोडून भागत नाही. हे आउटपुट ३२ ओहमच्या आसपासच्या हेडफोनसाठी असते आणि पुष्कळ रेडिओंत त्याच्याशी सिरीजमध्ये रेझिस्टर असतो. तो ३३ ओहमचा धरला तरी स्पीकरच्या वाट्याला जेमतेम एक पंचमांश व्होल्टेज येते. टेबलावरच्या मोठ्या रिसीव्हरला मागे ‘एक्स्टर्नल स्पीकर’ असे वेगळे सॉकेट असते, तिथे ८ ओहमचा स्पीकर थेट चालतो. ते सॉकेट सहसा मोनो असते.

यातूनच पिनेचा घोळ होतो. स्टिरिओ पिनेचे टोक म्हणजे डावा चॅनल, मधली कडी म्हणजे उजवा आणि मागची नळी म्हणजे ग्राउंड. स्टिरिओ सॉकेटमध्ये मोनो पिन घातली की उजवा चॅनल सरळ ग्राउंडला शॉर्ट होतो. आवाज डाव्या बाजूने येत राहतो, त्यामुळे कळत नाही, पण हेडफोनचे आउटपुट असेल तर आतला आयसी तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणून रेडिओच्या बाजूला नेहमी तीन कप्प्यांची स्टिरिओ पिनच लावावी.

शॉर्टवेव्हवर दोन्ही चॅनलमध्ये एकच मोनो आवाज असतो, म्हणजे स्पीकर एकच पुरे. मात्र डावा आणि उजवा थेट जोडायचे नाहीत, एफएम स्टिरिओवर दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात. दोन्ही वायरींत प्रत्येकी १ किलोओहमचा रेझिस्टर टाकायचा आणि रेझिस्टरांची पुढची टोके एकत्र आणायची. या जोडापासून ग्राउंडला १ नॅनोफॅरडचा (१०२ लिहिलेला) सिरॅमिक कपॅसिटर कायमचा लावावा. आवाजावर त्याचा परिणाम होत नाही, वायरीवरून आत शिरणारी रेडिओ फ्रीक्वेन्सी तो खाली उतरवतो. हा नसेल तर जवळचे जोरदार मीडियम वेव्ह केंद्र अ‍ॅम्प्लिफायरमध्येच ऐकू येऊ शकते, रेडिओ बंद असला तरी.

त्याच जोडावर एका छोट्या स्विचमधून ६८ नॅनोफॅरडचा (६८३) पॉलिएस्टर कपॅसिटर ग्राउंडला दिला की स्विच चालू असताना साधारण ४.७ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज उतरू लागतो. शॉर्टवेव्हवर केंद्रे ५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असल्यामुळे शेजारच्या केंद्राची शिट्टी नेमकी ५ किलोहर्ट्झची येते. चांगल्या स्पीकरवर ती आतल्या स्पीकरपेक्षा जास्त टोचते. एवढ्या साध्या फिल्टरने शिट्टी नाहीशी होत नाही, बोथट होते, सुस्कारा मात्र बराच घटतो. एफएमला स्विच बंद करायचा. सगळ्या जोडणीत सर्वात कमी खर्चाचा आणि सर्वात जास्त उपयोगी पडलेला भाग हाच.

आता अ‍ॅम्प्लिफायर. बाजारात आज जे चिमुकले बोर्ड मिळतात ते बहुतेक क्लास-डी असतात. बॅटरी कमी खातात, तापत नाहीत, जोरही भरपूर. पण त्यांचे आउटपुट काही शे किलोहर्ट्झने चालू-बंद होत असते आणि स्वस्त बोर्डांत आउटपुटला फिल्टर कॉइल नसते, त्यामुळे स्पीकरची वायर हीच त्यांची अँटेना होते. मीडियम वेव्हवर ठराविक अंतराने फुरफुर उठते आणि शॉर्टवेव्हच्या खालच्या पट्ट्यांत क्षीण केंद्रे बुडतात. गाण्यासाठी हे बोर्ड छान आहेत, क्षीण केंद्र शोधणाऱ्याच्या टेबलावर ते नकोत. शिवाय त्यांचे आउटपुट ब्रिज पद्धतीचे असते. स्पीकरची उणे वायर ग्राउंडला किंवा दुसऱ्या चॅनलच्या उणे वायरीला चुकून लागली तर बोर्ड जळू शकतो.

जुना टीडीए २००३ इथे चपखल बसतो. कार रेडिओसाठी बनलेला पाच पायांचा हा आयसी पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो, तयार किटही मिळतात. १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला तो दीड वॅटच्या आसपास स्वच्छ देतो. खोलीसाठी हे भरपूर आहे. पत्र्याची बाजू आतून ग्राउंडलाच असल्यामुळे हीट सिंक लावताना अभ्रक लागत नाही. अडचण एकच: नेहमीच्या सर्किटमध्ये याचा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) शंभरपट असतो. लाइन-आउटची पातळी त्याला फार होते, व्हॉल्यूम जरा हलवला की किंचाळतो आणि बाकीचा फेरा वाया जातो. गेन कमी करायला गेले तर आयसी ऑसिलेट होण्याचा, म्हणजे स्वतःच सिग्नल निर्माण करू लागण्याचा, धोका असतो. त्यापेक्षा दोन रेझिस्टरांच्या वरच्या जोडापासून १० किलोओहमच्या लॉग पॉटकडे (अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमकडे) जाताना मध्ये ४७ किलोओहमचा रेझिस्टर टाकावा. सिग्नल सहाव्या हिश्श्याच्या जवळ येतो आणि पॉट पूर्ण फेऱ्यात वापरता येतो. आउटपुटवरचा ०.१ मायक्रोफॅरड आणि १ ओहम हा जोड गाळू नये, तो गाळला की लांब वायरीवर आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रीक्वेन्सीला ऑसिलेट होतो आणि विनाकारण तापतो.

आउटपुटच्या कपॅसिटरकडेही लक्ष द्यावे. किटमध्ये १००० मायक्रोफॅरड येतो. बोलणे ऐकण्यासाठी २२० घातला की ८ ओहमवर ९० हर्ट्झच्या खालचे उतरू लागते, १०० घातला की २०० हर्ट्झच्या. शॉर्टवेव्हवर त्याखाली कामाचे काही नसते, फक्त घुमणे आणि गुणगुण. मधला मार्ग म्हणून २२० ठेवलेला बरा, भाषणही स्पष्ट आणि संगीतही अगदीच कोरडे नाही. त्याचे धन टोक आयसीकडे.

एलएम ३८६ या लहान आयसीचा अ‍ॅम्प्लिफायरही चालतो, भाग कमी लागतात. पण त्याची ताकद अर्ध्या वॅटच्या आसपास संपते, आणि चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावला तर ती काही तासांतच मान टाकते. चार पेन्सिल सेल लावून शांत खोलीत वापरायला ठीक.

वीजपुरवठ्याबद्दल मात्र तडजोड नको. यूपीएससाठी मिळणारी १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी सगळ्यात शांत. साधारण आवाजाला अ‍ॅम्प्लिफायर सरासरी दीडशे मिलिअँपिअर घेतो असे धरले तरी चाळीस तासांच्या वर चालते. ११.५ व्होल्टच्या खाली उतरू द्यायची नाही, आणि बॅटरीच्या धन टोकाला लगेच १ अँपिअरचा फ्यूज हवाच, कारण ही बॅटरी शॉर्ट झाली तर वायर वितळवते. रेडिओचा १८६५० सेल आधी चार्ज करून ठेवावा. ऐकताना चार्जरची वायर काढलेली असावी.

बॅटरी नको असेल तर ट्रान्सफॉर्मरचा एलिमिनेटर बनवावा, एसएमपीएस (वेगाने चालू-बंद होऊन वीज देणारा) अडॅप्टर नको. १५ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, १एन४००७ चे चार डायोड, २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर आणि हीट सिंकवर ७८१२ (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारा आयसी). ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा घ्यायचा मोह होतो, पण गावाकडे संध्याकाळी मेन्स २०० व्होल्टवर आले की ७८१२ ला वर लागणारे दोन व्होल्ट उरत नाहीत आणि आवाजात १०० हर्ट्झची घरघर मिसळते. प्रत्येक डायोडला समांतर १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. तो नसेल तर एक विचित्र लक्षण दिसते: केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत अ‍ॅम्प्लिफायर शांत असतो आणि जोरदार केंद्र लावले की घरघर सुरू होते. ही घरघर अ‍ॅम्प्लिफायरची नसून डायोडच्या चालू-बंद होण्याने केंद्राच्याच सिग्नलवर चढलेली असते. म्हणून फिल्टरचा कपॅसिटर कितीही मोठा केला तरी ती जात नाही.

रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही मेन्सवर असतील आणि गच्चीवरच्या अँटेनेला जमिनीचे अर्थिंगही दिलेले असेल, तर ग्राउंड लूपची (दोन वाटांनी ग्राउंड जोडले गेल्याने होणारी) गुणगुण येण्याची शक्यता मोठी. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायरमधल्या वायरीत ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातला की तांब्याची जोड तुटते आणि गुणगुण थांबते. एका बाजूला बॅटरी असेल तर याची गरज पडत नाही.

दांडीच्या अँटेनेवर ऐकणाऱ्यांना एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. स्पीकरची वायर लावली की सिग्नलची पट्टी वर चढते, पण ऐकणे सुधारत नाही. लहान रेडिओला अँटेनेची दुसरी बाजू, म्हणजे पुरेसे ग्राउंड, नसते. ते काम आता ही वायर करते, आणि करताना घरातल्या एलईडी दिव्यांची, राउटरची, इन्व्हर्टरची खरखर सोबत आणते. उपाय म्हणजे फेराइट (वायरीवरची रेडिओ फ्रीक्वेन्सी अडवणारा चुंबकीय पदार्थ), पण योग्य प्रकाराने. वायरीवर एकदाच अडकवलेली क्लिप ७ मेगाहर्ट्झला जवळजवळ काहीच करत नाही. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून बारीक शील्डेड वायरीचे सात-आठ वेढे फेराइटच्या एकाच कड्यावर घ्यावेत आणि ते कडे रेडिओच्या पिनेजवळ ठेवावे. ३१ किंवा ४३ क्रमांकाच्या फेराइट मिश्रणाचे कडे चांगले. कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसमधले पिवळे-पांढरे कडे वापरू नये, ते लोखंडाच्या भुकटीचे असते आणि या कामाला निरुपयोगी. त्याच एसएमपीएसच्या मेन्सच्या बाजूला असलेले, दोन समान कॉइलींचे कडे फेराइटचे असते, ते उपयोगी पडते. वायर एक-दीड मीटरपेक्षा लांब नको. लांबवायचीच असेल तर अ‍ॅम्प्लिफायर रेडिओजवळ ठेवून पुढची स्पीकरची वायर लांबवावी आणि तिलाही असेच कडे घालावे.

स्पीकरसाठी १२ मिमी प्लायवूडची, आतून १६ × १६ × २२ सेंमीची बंद पेटी पुरते, म्हणजे साडेपाच लिटर. आत थोडा कापूस सैल भरावा. कारमधले ४ ओहमचे स्पीकरही टीडीए २००३ वर चालतात, फक्त आउटपुटच्या कपॅसिटरचे वरचे आकडे दुप्पट धरायचे. सबवूफरवाले संच इथे कामाचे नाहीत, शॉर्टवेव्हवरच्या बोलण्याचा अर्थ ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये असतो. पेटी रेडिओपासून निदान अर्धा मीटर दूर ठेवावी. चुंबक फेराइटच्या कांडीजवळ आले की मीडियम वेव्हचे रिसेप्शन बिघडते, हे पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर पेटी जवळ-दूर करून लगेच तपासता येते.

ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्सला जोडणी होते आणि सोयही वाटते. पण क्षीण केंद्र फेड झाले की काही स्पीकर सिग्नल नाही असे समजून स्वतःच बंद होतात, आणि आतला व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर खरखर सोडतो. एक मीटर लांब ठेवून एफएमसाठी वापरावा.

जोडणी झाल्यावर रेडिओवरची बँडविड्थही (केंद्राभोवतीचा किती रुंद पट्टा ऐकायचा ते) पुन्हा पाहावी. आतल्या स्पीकरवर एएमला २.३ आणि ३.५ किलोहर्ट्झमधला फरक फार कळत नाही. पेटीवर २.३ कोंदट वाटते, ३.५ वर शब्द मोकळे होतात, आणि शेजारी रिकामे असेल तर ५ वर निवेदकाचा आवाज भरदार येतो. ९ फक्त जोरदार स्थानिक मीडियम वेव्ह केंद्रासाठी. एसएसबीला २.३ किंवा ३. फेडिंगमधला आवाजाचा चढउतार आणि त्यासोबतचा फाटकेपणा मोठ्या स्पीकरवर अधिक उघडा पडतो. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसू नये, तो दोष आयनोस्फिअरमधून येतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, स्वस्त निकेल पिना काळवंडतात आणि पिन फिरवली की कडकड येते. आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिन पुसावी, सॉकेटमध्ये दोन-चार वेळा आत-बाहेर करावी. पॉट कोरडा आवाज करू लागला तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून तो टोकापासून टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवावा, आणि फवारा पूर्ण सुकल्यावरच बॅटरी जोडावी.