दोन वर्षं परदेशात शिकून आले, तिथल्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसचा रिव्ह्यू

मास्टर्स संपवून परत आले आणि आता ज्युनियर्सचे मेसेज येतायत, युनिव्हर्सिटी कशी आहे, रँकिंग काय, जॉब मिळतो का. त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला लिहायचंय ते अॅडमिशन घेताना कोणी ढुंकूनही बघत नाही त्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसबद्दल, कारण या दोन वर्षांत मी माणूस म्हणून जी काही बदलले त्यातला मोठा वाटा या ऑफिसने जे उपक्रम चालवले त्यांचा आहे. देशाचं आणि युनिव्हर्सिटीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, एक तर काही तक्रारी आहेत आणि दुसरं म्हणजे असं ऑफिस थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी असतं, त्यामुळे तुम्ही कुठेही जात असाल तरी उपयोग होईल.

ओरिएंटेशन वीक ठीकठाक. कॅम्पस टूर, बँक, विमा, लायब्ररी कार्ड, रजिस्ट्रेशन हे सगळं एका आठवड्यात उरकलं आणि ते खरंच गरजेचं होतं. पण रोज संध्याकाळी तीनशे अनोळखी लोकांना एका हॉलमध्ये सोडून 'मिक्स व्हा' म्हणायचं, याचा मला काही फायदा झाला नाही. प्रत्येकजण आपल्या देशाचा ग्रुप शोधतो आणि तिथेच चिकटतो, मी पण तेच केलं.

बडी प्रोग्रॅमला, म्हणजे नव्या विद्यार्थ्याला तिथे रुळलेली एक सोबतीण किंवा सोबती देतात त्याला, पाचपैकी दोन. मला दिलेली बडी दोनदा भेटली, स्वभावाने चांगली होती, मग तिच्या परीक्षा आल्या आणि मेसेजला उत्तरं यायची बंद झाली. तिला दोष देत नाही, तिला हे काम देताना ऑफिसने वेळेचा काही हिशोबच ठेवला नव्हता, मध्ये एकदाही कोणी विचारलं नाही की तुम्ही भेटताय का.

आता टँडमबद्दल, यासाठीच खरं तर लिहायला बसले. टँडम म्हणजे दोघांनी आठवड्यातून एकदा भेटायचं, अर्धा वेळ तुमची भाषा, अर्धा वेळ समोरच्याची, दोघंही शिक्षक आणि दोघंही विद्यार्थी. मी फॉर्म भरताना मराठी लिहिलं तेव्हा वाटलं होतं कोण कशाला शिकेल, पण भाषाशास्त्र शिकणारी एक मुलगी मिळाली जिला मराठीच हवी होती. ऑफिसने जोडी लावताना दोघींशी वेगवेगळं बोलून घेतलं होतं, वेळापत्रक, कशासाठी शिकायचंय, चुका लगेच सुधारलेल्या चालतात का, सगळं विचारलं, आणि सहाव्या आठवड्यात स्वतःहून मेल करून कसं चाललंय ते पण विचारलं. जे बडीच्या वेळी व्हायला हवं होतं ते इथे केलं. दर गुरुवारी लायब्ररीच्या तळमजल्यावर एक तास.

चौथ्या आठवड्यात ती मला म्हणाली, 'आम्ही पुढच्या गुरुवारी भेटू.' मी म्हटलं आम्ही नाही, आपण. ती म्हणाली, फरक काय? आणि मला पटकन सांगताच येईना, कारण असा विचार मी आयुष्यात कधी केलाच नव्हता. मग कागदावर दोन गोल काढून दाखवले, आम्ही म्हटलं की ज्याच्याशी बोलतोय तो गोलाच्या बाहेर, आपण म्हटलं की तो आत. तिच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे. ती त्या कागदाकडे बघतच राहिली आणि मला मात्र रात्री झोप लागेना, कारण लक्षात आलं की इथे आल्यापासून मी वर्गात जे काही बोलते ते 'आमच्याकडे असं असतं', 'आम्ही असं करतो' याच सुरात बोलते, म्हणजे दर वाक्यात समोरच्याला बाहेर ठेवते आणि वर हॉस्टेलवर येऊन रडते की मला कोणी आत घेत नाही. हे मला कुठल्याही लेक्चरने दाखवलं नसतं. त्यानंतर लगेच सगळं बदललं असं नाही, पण मी प्रश्न विचारायला लागले, तू यावर काय विचार करतेस, तुझ्या घरी कोणी असं वागलं तर काय होईल, आणि गुरुवारचा तास दीड तासावर गेला.

नंतर थीसिससाठी वाचताना एक पेपर सापडला, झिमरमन आणि नायर या दोघांचा, २०१३ चा. जर्मनीतल्या हजाराहून जास्त विद्यार्थ्यांचा अभ्यास, परदेशात शिकायला गेलेले एका बाजूला आणि मायदेशी राहिलेले दुसऱ्या बाजूला. गेलेल्यांमध्ये नव्या गोष्टींबद्दलचा मोकळेपणा वाढला, लोकांशी जुळवून घेणं वाढलं, भावनिक चढउतार कमी झाले, आणि या बदलामागे मोठा भाग होता तिथे जोडलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय नात्यांचा. वाचून इतकं बरं वाटलं, कारण मी जे गुरुवारी अनुभवत होते तेच कोणीतरी मोजून ठेवलं होतं.

रायटिंग सेंटरला पाचपैकी पाच. तिथे तुमचा पेपर कोणी सुधारून देत नाही हे आधीच सांगते, मी पहिल्यांदा गेले तेव्हा ग्रामर दुरुस्त करून मिळेल या अपेक्षेने गेले होते. तिथल्या ट्यूटर बाईंनी माझी आठ पानं शांतपणे वाचली आणि विचारलं, यात तू कुठे आहेस? मी म्हटलं म्हणजे? त्या म्हणाल्या, यात अमुक लेखक असं म्हणतो, तमुक तसं म्हणतो हे आहे, तुला त्यातलं काय पटतं ते कुठेच नाही. मला वाटायचं माझं मत लिहिणं म्हणजे उद्धटपणा, मोठ्या लोकांनी लिहून ठेवलंय तिथे आपण काय बोलणार. मग चार अपॉइंटमेंट्समध्ये त्यांनी मला एवढंच शिकवलं की दुसऱ्याचं म्हणणं नीट संदर्भ देऊन मांडायचं आणि मग त्याच्या शेजारी स्वतःचं वाक्य ठेवायचं, कारणासकट. आज घरी सुद्धा मी एखाद्या गोष्टीला नाही म्हणते तेव्हा आवाज न चढवता कारण सांगते, ती सवय तिथली आहे. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला ते राखून ठेवतात त्या वेळेत, जायची हिंमत पण याच बाईंमुळे झाली, तोपर्यंत मला वाटायचं तिथे फक्त नापास होणारे जातात.

काउन्सेलिंग. काउन्सेलर उत्तम, वेटिंग वाईट. चौथ्या महिन्यात मला सकाळी उठावंसंच वाटेना, फोन उचलवेना, आणि अपॉइंटमेंट मिळाली पाच आठवड्यांनी. त्या अवस्थेतल्या मुलामुलींसाठी पाच आठवडे फार असतात हे मी फीडबॅक फॉर्मवर पण लिहिलंय आणि इथेही लिहिते. काउन्सेलरनी मला कागदावर इंग्रजी यू काढून दाखवला, सुरुवातीला आनंद, मग घसरण, मग हळूहळू वर. हे मूळचं लिसगार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाचं काम, १९५५ चं, नॉर्वेहून फुलब्राइट स्कॉलरशिपवर अमेरिकेत गेलेल्या सुमारे २०० लोकांशी बोलून केलेलं. काउन्सेलरनी हेही सांगितलं की नंतरच्या अभ्यासांत हा आकार सगळ्यांना लागू होत नाही असं दिसलंय, काहींना पहिलेच आठवडे सगळ्यात जड जातात, त्यामुळे तारखा मोजत बसू नकोस. मला त्या यूपेक्षा त्यांचं हे प्रामाणिकपणे सांगणं जास्त आवडलं.

सगळ्यात मोठी उणीव, परत जाणाऱ्यांसाठी काहीच नाही. येताना एक आठवडा, जाताना हॉस्टेलची चावी जमा करायचा मेल. परत आल्यावर पुन्हा एकदा तशीच घसरण होते हे गुलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय, यूचा डब्ल्यू होतो म्हणतात, आणि मी आत्ता त्याच दुसऱ्या खड्ड्यात आहे. घरचे प्रेमाने विचारतात कसं होतं आणि दोन मिनिटांत विषय बदलतो, माझ्याकडे दोन वर्षं सांगायची आहेत. शेवटच्या महिन्यात एक सेशन जरी घेतलं असतं, तुम्ही काय घेऊन जाताय, घरी ते कसं बोलाल, तरी खूप मदत झाली असती.

म्हणून ज्युनियर्सना माझं सांगणं, अॅडमिशनच्या आधीच या ऑफिसला मेल टाका. टँडम आहे का आणि जोडी कोण लावतं, सेमिस्टरला रायटिंग सेंटरच्या किती अपॉइंटमेंट्स मिळतात, काउन्सेलिंगचं वेटिंग किती, परतताना काही सेशन असतं का. उत्तर किती दिवसांत येतं आणि माणसाने लिहिलंय की कॉपी पेस्ट आहे, यावरून पण बरंच कळतं. आणि टँडमचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरा, उशीर केला तर जोडी मिळायला पुढच्या सेमिस्टरची वाट बघावी लागते.

ऑफिसला एकूण पाचपैकी साडेतीन, टँडमला वेगळे पाचपैकी पाच. गुरुवार आम्ही दोघींनी अजून सोडलेला नाही, आता व्हिडिओ कॉलवर भेटतो, आणि मागच्या आठवड्यात फोन ठेवताना ती अजिबात न अडखळता म्हणाली, 'चल, आपण पुढच्या गुरुवारी बोलू.'