अ‍ॅक्रोपोलिसच्या दारात आई आत, बाबा बाहेर

अथेन्सला दोन दिवसांसाठी जाणाऱ्यांनी, आणि त्यातही भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी, हे जरूर वाचा. आमची फसवणूक अ‍ॅक्रोपोलिसच्या, म्हणजे तिथल्या प्राचीन देवळांच्या टेकडीच्या, तिकिटांत झाली, आणि ती अशा चलाखीने झाली की पैसे परत मागायचीही पंचाईत व्हावी.

आम्ही जर्मनीत राहतो. आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. बाबांची सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. अथेन्सचा नेता पेरिक्लिस, शिल्पकार फिडियस, त्या टेकडीवरच्या पार्थेनॉन या देवळाचं इसवीसनपूर्व 447 मध्ये सुरू झालेलं बांधकाम हे सगळं त्यांनी फळ्यावर खडूने शिकवलेलं. म्हणून शनिवार-रविवार जोडून आम्ही तिघं अथेन्सला निघालो. शनिवारी अ‍ॅक्रोपोलिस म्युझियम, रविवारी सकाळी प्रत्यक्ष अ‍ॅक्रोपोलिस, आणि दुपारी परतीचं विमान.

आता अ‍ॅक्रोपोलिसवर वेळ ठरवूनच प्रवेश मिळतो. 2023 पासून दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर तासाची वेळ छापलेली असते. ग्रीक सरकारच्या साइटवर रविवार सकाळच्या वेळा संपल्या होत्या. फसवणारे नेमके इथेच टपून बसलेले असतात. गुगलवर शोधलं की सगळ्यात वर जाहिराती येतात. त्यातल्या एका साइटवर मात्र सकाळी नऊची वेळ 'उपलब्ध' होती. निळा-पांढरा रंग, ग्रीक झेंडा, पार्थेनॉनचा फोटो, सगळं सरकारी वाटावं असं. सरकारी तिकीट 30 युरोंचं. इथे ऑडिओ गाइडसह माणशी 46. पैसे भरताच क्यूआर कोड असलेली तीन तिकिटं ईमेलवर आली.

रविवारी दारात आईचा कोड स्कॅन झाला आणि ती आत गेली. बाबांच्या कोडला लाल दिवा. माझ्याही. दारावरच्या बाईंनी स्कॅनरचा पडदा आमच्याकडे वळवला: ही दोन्ही तिकिटं काही मिनिटांपूर्वीच वापरली गेली होती. म्हणजे तेच कोड आणखी कुणालातरी विकलेले होते. जो आधी पोहोचेल तो आत, उरलेले बाहेर.

आई आतून विचारत होती, "काय झालं गं?" बाबा म्हणाले, "अगं, तू जाऊन ये वर. आम्ही थांबतो इथे." ती एकटी जायला मुळीच तयार नव्हती. ती बाहेर आली आणि तिचं तिकीटही वाया गेलं, कारण एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर पुन्हा आत घेत नाहीत. खिडकीवर विचारलं, तर मोकळी वेळ थेट दुपारची होती. तेव्हा आम्हाला विमानतळावर असायला हवं होतं.

आम्ही तसेच उभे असताना गळ्यात पट्टा अडकवलेला एकजण आला. रोख 50 युरो माणशी द्या, माझ्या ग्रुपमध्ये घुसवतो म्हणाला. ग्रीसमध्ये परवानाधारक गाइडकडे सरकारी ओळखपत्र असतं. ते दाखवा म्हटल्यावर तो गर्दीत मिसळला.

मग समोरच्या प्निक्स टेकडीवर गेलो. तिथे तिकीट लागत नाही. प्राचीन अथेन्सचे नागरिक जिथे जमून मतं देत ती ही जागा. वक्त्यांचा दगडात कोरलेला चौथरा तिथे आहे, आणि समोर सगळं अ‍ॅक्रोपोलिस दिसतं. 1687 मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने तुर्कांनी पार्थेनॉनमध्ये साठवलेला दारूगोळा उडाला आणि त्याचं छप्पर कसं गेलं, ते बाबांनी आईला तिथून दाखवलं. पण ज्या खांबांशेजारी उभं राहायला ते एवढ्या लांब आले, ते खांब लांबच राहिले. बाबांचं वय आणि व्हिसाचा खटाटोप पाहता पुन्हा कधी जमेल, सांगता येत नाही. याचा मला अजून संताप येतो.

साइटवाल्यांचं उत्तर ठरलेलंच: "आमच्या नोंदीनुसार तिकिटं वापरली गेली आहेत, परतावा नाही." सगळी गोम इथे आहे. दुसऱ्याने वापरलेला कोड हाच त्यांचा पुरावा. आमच्या हाताशी एवढंच होतं की मी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढला होता. त्यात वापराची वेळ दिसत होती, आणि त्या मिनिटाला आम्ही अजून मेट्रोत होतो. हॉटेलजवळच्या स्टेशनात कार्डाने काढलेल्या मेट्रो तिकिटांची वेळ बँकेच्या नोंदीत होती. कार्ड देणाऱ्या बँकेकडे हे दोन्ही जोडून तक्रार केली. बाबांच्या आणि माझ्या तिकिटाचे पैसे परत मिळाले. आईचे नाही, कारण तिचा कोड चालला होता.

तर दारात असं झालंच तर वाद घालण्याआधी पडद्याचा फोटो काढा, आणि पैसे कार्डानेच भरलेले असू द्या. सरकारी तिकीट 'hhticket.gr' या साइटवर मिळतं. पत्ता स्वतः टाइप करा, जाहिरातीवरून जाऊ नका. म्युझियमचं तिकीट वेगळं, त्याची साइटही वेगळी. 'रांग टाळा' म्हणून जास्त पैसे घेणाऱ्यांकडून काय मिळतं तेही नीट वाचा: काही ठिकाणी फक्त मोबाइलवरचा ऑडिओ असतो, प्रवेश नसतोच. आणि सरकारी साइटवर जी वेळ संपलेली आहे, तीच दुसरीकडे सहज मिळत असेल तर तिथे पैसे भरू नका. दिवस बदला, नाहीतर विमान उशिराचं घ्या.

आम्हाला फसवणारी ती साइट अजून चालू आहे. काल पाहिलं, येत्या रविवारची सकाळी नऊची वेळ तिथे 'उपलब्ध' आहे.